फॉरमॅट मारायला देण्याआधी: घरचा पीसी आणि त्यातला डेटा कसा सांभाळायचा

घरचा कॉम्प्युटर स्लो झाला की पहिला सल्ला ठरलेला असतो, "एकदा फॉरमॅट मारून घे." दुकानवाला विचारतो सी ड्राइव्हला काही महत्त्वाचं आहे का, आपण म्हणतो नाही नाही सगळं डी ला आहे, आणि मशीन घरी आल्यावर लक्षात येतं की डेस्कटॉपवरचा फोल्डर, डाउनलोड्समधल्या पावत्या, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधलं सगळं गेलं, कारण विंडोज हे सगळे फोल्डर मुळात सी ड्राइव्हवरच ठेवतं. डोळ्यासमोर डेस्कटॉपवर दिसतंय म्हणून ते कुठेतरी वेगळं आहे असं वाटतं पण ते सी वरच असतं. त्यामुळे क्रम एकदा पक्का करून ठेवा, आधी डेटा बाहेर, मग दुखणं काय आहे ते शोधणं, आणि मगच मशीनला हात.

दुसरा गैरसमज याच्याहून घातक आहे, तो म्हणजे डी ड्राइव्हला ठेवलं की सेफ. बऱ्याच घरांत सी, डी, ई हे तिन्ही एकाच हार्ड डिस्कचे भाग असतात. एका खोलीत पार्टिशन घालून दोन खोल्या केल्या तरी वरचं छप्पर एकच असतं ना, गळायला लागलं की दोन्हीकडे पाणी. डिस्क बंद पडली की सी आणि डी दोन्ही जातात. फॉरमॅटपासून डी वाचतो, डिस्क मेल्यापासून नाही. तुमच्याकडे काय आहे ते बघायचं असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा आणि डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिथे खाली डिस्क ० असं लिहिलेलं दिसेल, सी आणि डी दोन्ही त्याच ओळीत असले तर डिस्क एकच आहे.

आता बॅकअप. जगभर यासाठी ३-२-१ म्हणून एक नियम वापरतात, पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तो लोकांपर्यंत पोचवला. डेटाच्या एकूण ३ कॉपी, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ घराबाहेर. आपल्या घरापुरतं बघायचं तर पहिली कॉपी कॉम्प्युटरमधली, दुसरी बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर, आणि तिसरी क्लाउडवर (म्हणजे गुगल ड्राइव्हसारख्या इंटरनेटवरच्या जागेत) नाहीतर दुसऱ्या गावी भावाकडे-बहिणीकडे ठेवलेल्या डिस्कवर. घराबाहेरची कॉपी लोकांना जास्तीची वाटते. पण २०१९ च्या ऑगस्टमधे सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ च्या जुलैमधे चिपळूणला पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते आठवा, टेबलाखालचा सीपीयू आणि बाजूच्या कपाटातली बॅकअपची डिस्क अशा वेळी एकाच पाण्यात असतात. आग, चोरी, विजेचा दणका यांनाही हेच लागू आहे. दोन डिस्क घेणं जमत असेल तर सोपा मार्ग म्हणजे गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाताना ताजी भरलेली डिस्क घेऊन जायची आणि तिथे ठेवलेली जुनी परत आणायची, कुठलाही महिन्याचा खर्च नाही, इंटरनेट लागत नाही.

डिस्क घेताना साधी १ किंवा २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या, बॅकअपसाठी हीच बरी. एसएसडी (आत काही फिरत नाही, चिपवर डेटा साठवते ती डिस्क) वेगवान असते हे खरं पण वर्षानुवर्षं कपाटात विनावीज पडून राहण्यासाठी ती बनलेली नाही, त्यातला डेटा सेल्समधल्या विद्युतभारावर टिकतो आणि तो भार हळूहळू गळत जातो, गरम जागी आणखी लवकर. पेनड्राइव्हला तर बॅकअप म्हणूच नका, ते फाइल इकडून तिकडे न्यायचं साधन आहे. आणि ऑनलाइन अगदी स्वस्तात २ टीबीचा पेनड्राइव्ह दिसला तर तो खोटा आहे असं समजा, त्यात आत थोडीशीच जागा असते आणि कंट्रोलर खोटा आकडा दाखवतो, फाइल कॉपी झाल्यासारख्या दिसतात पण उघडत नाहीत. (१ टीबीची डिस्क कॉम्प्युटरमधे ९३१ जीबी दिसते ती मात्र फसवणूक नाही, कंपनी आणि विंडोज यांची मोजायची पद्धत वेगळी आहे इतकंच.) डिस्क एफएटी३२ मधे फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर जात नाही, लग्नाचे व्हिडिओ तिथेच अडकतात, म्हणून एनटीएफएस किंवा एक्सफॅट ठेवा. पावसाळ्यात डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलीत तर उत्तम, विशेषतः कोकणात आणि मुंबईत.

कॉपी कशी करायची तर सुरुवातीला सरळ कॉपी-पेस्ट करा, काही बिघडत नाही. नंतर दर वेळी सगळं परत कॉपी करायचा कंटाळा येतो आणि कंटाळ्यामुळेच बॅकअप थांबतो, तेव्हा फ्रीफाइलसिंक हे फुकट सॉफ्टवेअर टाका. डावीकडे तुमचा फोल्डर, उजवीकडे बाहेरच्या डिस्कवरचा, कंपेअर दाबलं की काय नवीन आहे ते दिसतं, सिंक्रोनाइझ दाबलं की फक्त तेवढंच जातं. इथे एक गोष्ट नीट बघा, त्यात मिरर आणि अपडेट असे प्रकार आहेत. मिररमधे डावीकडे जे नाही ते उजवीकडूनही उडवलं जातं, म्हणजे चुकून एखादा फोल्डर डिलीट झाला आणि तुम्ही मिरर मारलं तर बॅकअपमधूनही तो जाणार. घरच्या वापराला अपडेट निवडा, त्यात उजवीकडचं काही पुसलं जात नाही. विंडोजमधली फाइल हिस्टरी पण चांगली आहे, कंट्रोल पॅनलमधे आहे अजून, ती फाइलच्या जुन्या आवृत्त्याही ठेवते, पण डी ड्राइव्हवरचे फोल्डर ती आपोआप घेत नाही, ते आधी लायब्ररीत टाकावे लागतात, आणि हे माहीत नसल्यामुळे चालू आहे चालू आहे म्हणत लोक निर्धास्त राहतात.

कॉपी झाली की सेफली रिमूव्ह करून डिस्क काढून ठेवा, कायम लावून ठेवू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, आलं होतं, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांपर्यंत पोचलं होतं ते, अशा रॅन्समवेअरला जो जो ड्राइव्ह लावलेला दिसतो त्यावरच्या फाइलही ते कुलूपबंद करतं. केबल काढलेल्या डिस्कला ते काही करू शकत नाही. आणि अधूनमधून ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाइल खरंच उघडून बघा, एक फोटो, एक व्हिडिओ मधूनच पुढे ढकलून, एक पीडीएफ. फोल्डरचं नाव दिसतंय म्हणजे आतलं शाबूत आहे असं नसतं.

क्लाउडबद्दल थोडं. गुगलचे फुकट १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून आहेत, अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही आता त्यातच मोजतात, आणि भरले की नुसते फोटो थांबत नाहीत, मेल यायच्या बंद होतात. वनड्राइव्ह फुकट ५ जीबी देतं आणि नवीन लॅपटॉप सेटअप करताना बऱ्याचदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स हे फोल्डर परस्पर वनड्राइव्हमधे जातात, मग ५ जीबी भरतात आणि सिंक थांबतं, वर लाल खूण येते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. सिंक म्हणजे बॅकअप नाही हे मनावर घ्या, एकीकडे डिलीट केलं की दुसरीकडेही डिलीट होतं, वनड्राइव्ह आणि ड्राइव्हच्या कचरापेटीत ते ३० दिवस असतं आणि मग गेलं. शिवाय २ वर्षं कोणी लॉगिनच केलं नाही तर गुगल ते अकाउंट काढून टाकू शकतं. घरातल्या ज्येष्ठांच्या अकाउंटमधे जुने फोटो असतील तर इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर नावाच्या सेटिंगमधे घरच्या कोणाचं तरी नाव आत्ताच टाकून ठेवा, आणि गुगलचंच टेकआउट वापरून सगळे फोटो एकदा खाली उतरवून डिस्कवर घ्या.

मराठी फाइलींचं वेगळं दुखणं

याबद्दल फार कमी बोललं जातं म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांच्याकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपासून मराठी टायपिंग चालू आहे, मग ते वकील असोत, शाळेतले सर असोत, दिवाळी अंकाचं काम बघणारे असोत नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांच्या जुन्या फाइली युनिकोडमधे (कुठल्याही मशीनवर मराठी तशीच दिसावी म्हणून ठरलेली अक्षरांची जागतिक पद्धत) नसतात. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, सीडॅकचा सुरेख असले फॉंट वापरून त्या केलेल्या असतात. या फाइलींत आत खरं तर मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात, इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात, आणि तो ठराविक फॉंट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. आता फॉरमॅट मारलं, नवीन विंडोज टाकलं, फाइल जपून ठेवलेली होती म्हणून परत आणली, उघडली, तर सगळं गारबेज. फाइल खराब झाली समजून लोक ती टाकून देतात. ती खराब नसते, फक्त फॉंट नसतो.

म्हणून फॉरमॅटच्या आधी सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या आत फॉंट्स नावाचा फोल्डर आहे तो अख्खा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, त्यासाठी काहीशे मेगाबाइट जागा लागली तरी हरकत नाही. दुसरं म्हणजे महत्त्वाच्या फाइलींचं फॉंट आहे तोपर्यंत पीडीएफ करून ठेवा, पीडीएफमधे फॉंट आतच घातला जातो त्यामुळे तो दुसऱ्या कुठल्याही मशीनवर दिसतो आणि छापताही येतो. तिसरं, जे पुढेही एडिट करायचंय ते कन्व्हर्टरने युनिकोडमधे आणा. कन्व्हर्ट झाल्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं या तीन ठिकाणी गडबड होते, 'र्क' चं भलतंच काहीतरी होतं, आकडेही बदलतात कधीकधी, म्हणून मूळ पीडीएफ शेजारी ठेवून एकदा वाचून काढा. आणि मूळ फाइल कधीच डिलीट करू नका. पेजमेकरमधे (छपाईची पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) केलेल्या फाइली असतील तर जोवर तो जुना कॉम्प्युटर चालतोय तोवरच त्यांचं पीडीएफ करून घ्या, नव्या विंडोजवर पेजमेकर चालवताना अडचणी येतात आणि तो सॉफ्टवेअरही आता कोणी सांभाळत नाही.

फॉरमॅटला देताना

सगळ्यात जास्त काय राहून जातं ते सांगतो. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स तर झालेच, पण टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुक वापरत असाल तर त्याची पीएसटी फाइल, ब्राउझरचे बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड, स्टिकी नोट्सवर लिहून ठेवलेले नंबर, स्कॅनरने जिथे टाकलेत ते फोल्डर. यातलं बरंच काही लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरमधे असतं, म्हणून माझं मत असं की जमत असेल तर सी ड्राइव्हवरचा यूजर्स हा अख्खा फोल्डर, हिडन आयटम्स चालू करून, जसाच्या तसा उचला, निवडत बसू नका.

नवीन लॅपटॉप असेल तर अजून एक बघा. विंडोज ११ मधे मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच मशिन्सवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते. रोजच्या वापरात कळतही नाही, पण मदरबोर्ड बदलला किंवा बायॉसमधे काही फेरफार झाला की निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती नसेल तर आतला डेटा कोणीही काढून देऊ शकत नाही. ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे डिव्हायसेसच्या खाली सापडते, ती कागदावर छापून घरातल्या कागदपत्रांच्या फाइलला लावा. आणि लॅपटॉप दुकानदाराने सेटअप करून दिला असेल तर अकाउंट कोणाचं टाकलंय ते आजच बघा, त्याने स्वतःच्या सोयीने एखादा ईमेल बनवून टाकला असेल तर की त्या अकाउंटमधे आहे, तुमच्याकडे नाही.

खरंच स्लो का झालाय

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. मशीन चालू करून दहा मिनिटं झाली तरी तिथे डिस्क १०० टक्के दिसतेय आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे, तर दुखणं तेच आहे, फॉरमॅट मारून चार दिवस बरं वाटेल आणि परत तेच. त्यावर इलाज एसएसडी. साधी साटा एसएसडी जुन्या डेस्कटॉपला पण बसते, लॅपटॉपच्या फिरत्या डिस्कपेक्षा तिचा वाचायचा वेग पाच-सहा पट असतो आणि लहान लहान फाइलींच्या बाबतीत तर फरक त्याहून कितीतरी मोठा, विंडोजचं सगळं काम तसल्याच फाइलींचं असतं. जुन्या मशीनवर एकाच गोष्टीला पैसे घालायचे असतील तर इथे घाला. मेमरी ४ जीबी असेल तर ८ करा, त्याच्यावर घरच्या कामाला सहसा लागत नाही. एसएसडी बसवून घेताना दुकानदाराला सांगा की जुनी डिस्क आहे तशी परत द्या, पुसू नका. तीच तुमची एक आयती कॉपी झाली, पाकिटावर तारीख लिहून ठेवून द्या. एसएसडीला डीफ्रॅग नावाचा प्रकार लागत नाही, विंडोज तिची काळजी आपोआप घेतं, फक्त ती गच्च भरू देऊ नका, पंधरा-वीस टक्के मोकळी असू द्या.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो टाका, फुकट आहे. निळं आणि गुड दिसलं तर ठीक, पिवळं आणि कॉशन दिसलं तर त्याच दिवशी डेटा काढा, उद्या नाही. विशेष करून रिअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळींतले आकडे वाढत चालले असतील तर डिस्क जायला निघालीय. टक टक असा आवाज यायला लागला तर मात्र कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका, मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, चालू ठेवलेलं प्रत्येक मिनिट आतल्या प्लेटवर ओरखडे वाढवू शकतं. चुकून डिलीट झालेल्या फाइलींचंही तसंच, फिरत्या डिस्कवरून त्या बऱ्याचदा परत मिळतात, पण रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल केलंत तर ते नेमकं त्याच जागेवर लिहिलं जाऊ शकतं. एसएसडीवरून डिलीट झालेलं तर मिळायची आशा फार कमी.

बाकी छोट्या गोष्टी. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधून जे लागत नाही ते बंद करा, ब्राउझरमधले अनोळखी एक्स्टेन्शन काढा, आठवड्यातून एकदा शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा कारण फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन पूर्ण होतच नाही. घड्याळ दर वेळी मागे जातंय आणि वेबसाइट उघडताना सर्टिफिकेटचा एरर येतोय, तर व्हायरस नाही, मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय, सीआर२०३२ मागा, तो सहज मिळतो. स्पीड वाढवणारी, रजिस्ट्री साफ करणारी जी सॉफ्टवेअर्स असतात ती टाकू नका.

वीज, धूळ आणि विंडोज १०

आपल्याकडे कॉम्प्युटर मरतात ते जास्त करून विजेने. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, ६०० व्हीएचा घरी पुरतो, त्यातली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते, म्हणून सगळ्या फाइली सेव्ह करून, भिंतीवरचा स्विच बंद करून बघा किती मिनिटं तग धरतो ते. लेझर प्रिंटर यूपीएसला लावू नका, तो चालू होताना एकदम जास्त करंट ओढतो. घराला अर्थिंग नीट नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ती हीच गोष्ट. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की प्लग काढा, आणि राउटरचा प्लगही, तांब्याच्या केबलचं नेट असेल तर ती केबलसुद्धा.

धुळीसाठी सहा महिन्यांतून एकदा ब्लोअर, घराबाहेर नेऊन, प्लग काढून, पंख्याला बोटाने धरून ठेवून. नुसता फिरू दिला तर बेअरिंग जातं. चालू करताना नुसते बीप येतात आणि स्क्रीन काळी, तेव्हा रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या साध्या खोडरबराने हलक्या घासून परत बसवा, दमट हवेच्या गावांत हा उपाय बऱ्याचदा पुरतो. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका, खालची हवा बंद होते. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर चार्ज करू नका, लगेच बदलून घ्या.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्या वापरासाठी एक्सटेंडेड सिक्युरिटी अपडेट्स ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली होती, सेटिंग्जमधे विंडोज अपडेटच्या पानावर एनरोल करायची. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. जे मशीन बसत नाही त्यावर जबरदस्तीने टाकण्यापेक्षा, काम फक्त ब्राउझर, मेल, व्हिडिओ कॉल असेल तर लिनक्स मिंट टाका, त्यात मराठी टायपिंग पण होतं. टॅली किंवा श्रीलिपी लागत असेल तर मात्र तो मार्ग नाही. अँटीव्हायरससाठी विंडोजचा डिफेंडर घरी पुरेसा आहे, पण क्रॅक केलेलं विंडोज आणि ॲक्टिवेटर टाकायला तो बंद करायला सांगतात, तिथेच दार उघडतं, ते करू नका. तुमचा कॉम्प्युटर हॅक झालाय असा फोन आला आणि एनीडेस्क (दुसऱ्याला तुमचा कॉम्प्युटर दुरून चालवू देणारं सॉफ्टवेअर) टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

मशीन अगदीच संपलं आणि भंगारात द्यायचं ठरलं तर त्याआधी उघडून आतली डिस्क काढून घ्या, चार स्क्रूंचं काम असतं. साटा टू यूएसबी केबल मिळते, साडेतीन इंचाच्या मोठ्या डिस्कला सोबत वेगळा ॲडॉप्टरही लागतो, तिने ती डिस्क कुठल्याही कॉम्प्युटरला लावून आत काय राहिलंय ते शांतपणे बघता येतं. सगळं दोन ठिकाणी उतरवून झालं, उघडून बघितलं, की मग ती पूर्ण पुसा, क्विक फॉरमॅट नाही, क्विकमधे डेटा तसाच राहतो. बँकेचे स्टेटमेंट आणि आधारचे स्कॅन असलेली डिस्क, आणि ती चालत नसल्यामुळे पुसता येत नसेल, तर प्लेटमधून आरपार ड्रिल मारून मगच ई-कचरा घेणाऱ्याला द्या.